आधी काय झालं

वही साधीच, सालमियातल्या बकाल्यातून आणलेली,
वर उंटाचं चित्र.
डॉक्टर हनान म्हणाल्या, तीन रकाने पाडा:
आधी काय झालं. त्यानं काय केलं. नंतर काय झालं.
मधला पटकन भरतो.
चावला. ओचकारलं. डोकं भिंतीवर, सहा वेळा.
ओवीचे केस धरले, सुटेनात.
शेवटच्यातही असतं काहीतरी,
बर्फ, डेटॉल, खालच्या मजल्यावरून फोन.
पहिल्यात मी लिहायची, "काही नाही,"
आणि हनानबाई हिरव्या पेननं
त्याच्याखाली बारीक रेघ ओढायच्या.
बोलायच्या नाहीत.

हृषी मार्चमध्ये चौदाचा झाला.
माझ्याहून चार बोटं उंच.
कवेत मावायचा तेव्हा घट्ट धरलं की
सगळं माझ्याच अंगात जिरायचं.
आता मी दाराआड उभी राहून
पोटच्या पोराच्या पावलांचा अंदाज घेते.
हे चिपळूणला फोनवर सांगता येत नाही.
आई विचारते, हृषी काय म्हणतो?
म्हणत नाही गं. तेच तर.

सत्तेचाळीस डिग्रीत मी पूर्ण बाह्या घालते.
लिफ्टमध्ये लिसी माझ्या मनगटाकडे बघते,
मग मजल्यांचे आकडे बघत राहते.

पहिला रकाना भरायला लागला तो उशिराच.
तीन रात्री झोप नाही.
चार दिवस पोट साफ नाही.
तोझ उठलेली, खिडक्या बंद, घरभर पिवळा उजेड
आणि दातांखाली वाळू.
रमजान, शाळेची बस उशिरा; त्याला सांगितलं होतं.
शब्दांत सांगितलं होतं.

गच्चीवरचा कंप्रेसर, असं लिहिलं
ते मंगेशला पटेना.
मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत बारा तास काढून आलेल्या माणसाला
कुठलंही घर शांतच वाटतं.
मी दिवे घालवले, त्याला हृषीच्या पलंगावर आडवं केलं,
म्हटलं, भिंतीला कान लाव आणि काही करू नकोस.
दहा मिनिटांनी उठून बसला.
म्हणाला, हे दातांत येतं गं.
दुसऱ्या दिवशी कामावरून जुन्या रबराचे तुकडे घेऊन आला
आणि हारिस युनूसला घेऊन गच्चीवर गेला.

दातांत.
तेव्हा तरी मला सुचायला हवं होतं.
जूनमध्ये अकरा दिवस तो
उजव्या गालावर बुक्के मारत होता,
जवळ येईल त्याला चावत होता,
आणि वहीत माझ्या अक्षरात अकरा वेळा:
चिडला.
शेवटी भूल देऊन तोंड उघडलं. दाढेखाली पू.
डेंटिस्ट तरुण होता, इजिप्तचा. मास्क खाली ओढून म्हणाला,
दुसरं कुणी असतं तर पहिल्याच रात्री ओरडलं असतं.
ओरडला होता की.
आम्हीच म्हटलं, ओरडू नकोस,
खालचे लोक झोपलेत.

दाढ काढल्यावर सोळा दिवस वहीत काही नाही.
मी नातेवाइकांना कळवूनही टाकलं.
सतराव्या दिवशी, दुपारी, वरणभात पुढ्यात,
त्यानं माझा हात धरला आणि चावला.
झोप झालेली. हवा स्वच्छ. कंप्रेसर गप्प.
"काही नाही" लिहायला घेतलं,
'का' लिहून खोडला,
आणि लिहिलं, "मला अजून माहीत नाही."
त्या ओळीखाली हिरवी रेघ आली नाही.

काल वही उलटी हातात आली.
मागच्या पानावर पट्टी न घेता ओढलेले तीन रकाने,
अक्षर ओवीचं.
आधी काय झालं: मी स्टीलचा चमचा पाडला.
दादानं काय केलं: हसला.
मी परत पाडला.
परत हसला.
असं बावीस वेळा, तिनं उभ्या काड्या मारून मोजलंय.
नंतर काय झालं:
खालून फोन आला.